पत्त्याचा सातबारा : अमेरिकेतली वस्ती कशी वाचावी

गावाकडे जमीन घ्यायची म्हटली की आधी सातबारा काढला जातो, कारण जमीन डोळ्यांना कितीही चांगली दिसली तरी तिच्यावर कोणाचा बोजा आहे आणि पूर्वी कोणते फेरफार झाले आहेत, हे कागदावरच कळते. अमेरिकेतल्या वस्तीचाही असा उतारा काढता येतो. तो एका कार्यालयात मिळत नाही. निरनिराळ्या सरकारी आणि विद्यापीठीय नकाशांतून आपला आपणच जुळवावा लागतो. तिथे नोकरीसाठी जाणारे, घर घेणारे, त्या देशाविषयी लिहिणारे, किंवा मुलांच्या नव्या घराचा पत्ता कळल्यावर तो नकाशावर शोधत बसणारे इकडचे आईवडील, या सर्वांना तो वाचता यावा म्हणून हे मार्गदर्शन लिहीत आहे.

हा खटाटोप कशासाठी, हे शिकागोमध्ये एका लोकल प्रवासात समजते. शहराच्या मध्यभागी ग्रँड स्थानकावर रेड लाइनच्या गाडीत बसावे आणि दक्षिणेला ६३व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरावे. आपण चढलो तिथून जवळच स्ट्रीटरव्हिल आहे, म्हणजे मिशिगन सरोवराकाठचे उंच मनोरे आणि त्यांच्यामध्ये उभे असलेले मोठे विद्यापीठीय रुग्णालय. आपण उतरतो तिथे एंगलवुड सुरू होते, म्हणजे घरे पाडल्यावर ओसाड राहिलेले भूखंड आणि फळ्या ठोकून बंद केलेल्या खिडक्या. २०१९ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील संशोधकांनी देशातल्या ५०० मोठ्या शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा स्ट्रीटरव्हिलचे सरासरी आयुर्मान सुमारे ९० वर्षे आणि एंगलवुडचे सुमारे ६० वर्षे निघाले. आठ-नऊ मैलांत तीस वर्षांचा फरक पडला. महापौर एकच, पाणी एकाच सरोवराचे, हिवाळा तोच. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की देशाच्या, राज्याच्या किंवा शहराच्या सरासरीवर विसंबू नये. आपला पत्ता ज्या चार-पाच हजार माणसांच्या वस्तीत पडतो ती वस्ती वाचावी, आणि ती तशी का झाली हे विचारल्याशिवाय तिच्याविषयी किंवा तिथल्या माणसांविषयी मत बनवू नये.

आधी गट क्रमांक

सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, तसा अमेरिकेत सेन्सस ट्रॅक्ट असतो. जनगणना खात्याने सगळ्या देशाचे असे तुकडे पाडलेले आहेत. एका ट्रॅक्टमध्ये साधारणपणे १,२०० ते ८,००० लोक असतात आणि आखणी करताना ४,००० हा आकडा डोळ्यांपुढे ठेवलेला असतो. खात्याच्या संकेतस्थळावर जिओकोडर नावाची मोफत सोय आहे. तिथे घर क्रमांक, रस्ता, शहर आणि राज्य भरले की अकरा आकडी क्रमांक मिळतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, आणि शेवटचे सहा ट्रॅक्टचे असतात. शिकागो कुक काउंटीत मोडत असल्यामुळे तिथला क्रमांक १७०३१ने सुरू होतो. हा क्रमांक वहीत लिहून ठेवावा, कारण पुढच्या बहुतेक नकाशांत तोच कामी येतो.

झिप कोडवर मात्र भिस्त ठेवू नये. तो १९६३ साली टपाल वाटपाच्या सोयीसाठी आला आणि त्याच्या सीमांचा शहराच्या हद्दीशी किंवा नळाच्या पाण्याशी काहीही संबंध नसतो. या एका गोष्टीची किंमत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने मोजली आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

फ्लिंट हे २०१४ च्या सुमारास जवळजवळ एक लाख वस्तीचे शहर होते. मोटारींचे कारखाने बंद पडत गेले, लोक निघून गेले, नगरपालिकेची तिजोरी रिकामी झाली आणि राज्याने तिथे आपला आणीबाणी व्यवस्थापक बसवला. खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा डेट्रॉइटच्या यंत्रणेवरून फ्लिंट नदीवर वळवण्यात आला, पण नळ गंजू नयेत म्हणून पाण्यात जे रसायन मिसळावे लागते ते मिसळले गेले नाही. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून हे पाणी घेणे थांबवले; घरांतल्या नळांना ते आणखी वर्षभर येत राहिले.

मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे राज्याच्या आरोग्य खात्याकडे होते, परंतु ते झिप कोडनुसार मांडलेले होते. फ्लिंटचा झिप कोड असलेल्या घरांपैकी सुमारे एक तृतीयांश घरे शहराच्या हद्दीबाहेर होती आणि तिथे फ्लिंटचे पाणी जातच नव्हते. ज्यांनी ते पाणी प्यायले ती मुले आणि ज्यांनी प्यायले नाही ती मुले एकाच बेरजेत धरल्यामुळे वाढ झाकली गेली. बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या नोंदी प्रत्येक मुलाच्या घराच्या पत्त्यावर बसवल्या आणि शहराचे पाणी पिणारी मुले वेगळी काढली; तेव्हा रक्तात जास्त शिसे आढळलेल्या मुलांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी हे जाहीर केले, राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला, आणि ऑक्टोबरमध्ये पाणी पुन्हा डेट्रॉइटवरून सुरू झाले. लहान मुलाच्या मेंदूवर झालेला शिशाचा परिणाम मात्र मागे फिरत नाही. नकाशावर रेघ कुठे ओढायची, हा प्रश्न म्हणूनच मला कधी तांत्रिक वाटलेला नाही.

आयुर्मानाचा रकाना

ट्रॅक्टचा क्रमांक हाती आला की पहिला प्रश्न असा विचारावा की इथे जन्मलेले मूल सरासरी किती वर्षे जगेल. राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने २०१८ साली देशातल्या बहुतेक ट्रॅक्टचे आयुर्मान प्रसिद्ध केले. त्यासाठी २०१० ते २०१५ या काळातील मृत्यूंच्या नोंदी वापरल्या. त्यात सर्वात कमी आयुर्मान ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवेल गावाजवळ ५६.३ वर्षे, तर सर्वात जास्त नॉर्थ कॅरोलायनातल्या फिअरिंग्टन व्हिलेजमध्ये ९७.५ वर्षे निघाले. हा दुसरा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. फिअरिंग्टन ही प्रामुख्याने निवृत्त आणि सुस्थितीतल्या लोकांची वसाहत आहे. जे साठी-सत्तरीपर्यंत धडधाकट राहिले आणि ज्यांच्याजवळ पैसा होता, तेच तिथे राहायला आले. वस्तीने माणसे दीर्घायुषी केली की दीर्घायुषी माणसांनी वस्ती निवडली, हा प्रश्न प्रत्येक आकड्यापुढे उभा करावा. शिवाय हे आकडे कोविडच्या आधीचे आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

आजारांची माहिती हवी असेल तर रोग नियंत्रण केंद्राचा प्लेसेस हा संच पाहावा. मधुमेह, दमा, उच्च रक्तदाब, झोपेची कमतरता यांचे अंदाज तो ट्रॅक्टपर्यंत देतो. हे अंदाज सर्वेक्षण आणि लोकसंख्येची रचना यांच्यावरून गणिताने काढलेले असतात, घरोघर जाऊन मोजलेले नसतात. त्यामुळे दोन शेजारच्या ट्रॅक्टमध्ये एखाद्या टक्क्याचा फरक दिसला तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. ग्रामीण भागात ट्रॅक्टपेक्षा काउंटी पाहणे अधिक सोयीचे असते, आणि त्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठ २०१० पासून जी काउंटीवार आरोग्य माहिती देत आले आहे ती उत्तम आहे. २०१४ च्या आकड्यांनुसार कोलोरॅडोतल्या समिट काउंटीचे आयुर्मान ८६.८ वर्षे होते आणि साउथ डकोटातल्या ओग्लाला लकोटा काउंटीचे ६६.८. यांतली पहिली काउंटी बर्फावरच्या खेळांसाठी येणाऱ्या श्रीमंत पर्यटकांची, तर दुसरी संपूर्णपणे पाइन रिज या मूळनिवासी राखीव प्रदेशात आहे.

फेरफार

सातबाऱ्यावर फेरफार वाचल्याशिवाय जमिनीची खरी हकिकत कळत नाही, आणि अमेरिकन वस्तीच्या बाबतीत मला हाच भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. महामंदीच्या काळात, १९३३ साली, बुडू लागलेली गृहकर्जे सावरण्यासाठी होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिने दोनशेहून अधिक शहरांच्या वस्त्यांना चार प्रती दिल्या: हिरवी, निळी, पिवळी आणि लाल. लाल रंग म्हणजे कर्ज देण्यास धोकादायक वस्ती. वस्तीत कृष्णवर्णीय राहतात, एवढ्याच कारणाने तिला बहुतेक वेळा लाल रंग मिळत असे. ज्यू किंवा नव्याने आलेले स्थलांतरित राहत असतील तरी प्रत उतरत असे. या नकाशांनी स्वतः किती कर्जे अडवली, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतल्या कर्जांना हमी नाकारली आणि गोऱ्यांच्या नव्या उपनगरांना ती सढळ हाताने दिली, याबद्दल वाद नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरवला, पण त्या पस्तीस वर्षांत ज्यांना घर घेता आले नाही त्यांच्या नातवंडांच्या हाती घराची मालमत्ताही आली नाही.

रिचमंड विद्यापीठाने हे जुने नकाशे स्कॅन करून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. आपली वस्ती त्यात शोधावी, तिच्यावर टिचकी मारावी आणि तेव्हाच्या अधिकाऱ्याने तिच्याविषयी लिहिलेला शेरा शेवटपर्यंत वाचावा. वाचताना मन विषण्ण होते, तरी वाचावा. मग त्याच ठिकाणचे आजचे उपग्रह छायाचित्र उघडून झाडे मोजावीत. २०२० साली १०८ शहरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९४ टक्के शहरांत पूर्वीच्या लाल वस्त्या उन्हाळ्यात इतर वस्त्यांपेक्षा जास्त तापतात असे आढळले, आणि देशभराची सरासरी काढली तर हा फरक सुमारे २.६ अंश सेल्सियस होता. तिथे सावली देणारी झाडे कमी आहेत, डांबर आणि काँक्रीट जास्त आहे, आणि महामार्गही बहुधा तिथूनच नेलेले आहेत. मिनेसोटात सेंट पॉल शहरातली रोंडो ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती आय-९४ या महामार्गासाठी मधोमध चिरली गेली आणि शेकडो घरे पाडली गेली. आपल्या वस्तीजवळून आंतरराज्य महामार्ग जात असेल तर तो बांधण्यापूर्वी तिथे कोण राहत होते, हे स्थानिक ग्रंथालयात विचारावे. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालये अशा चौकशीला मनापासून मदत करतात.

बोजा

घर घेणाऱ्याने चार बोजे न चुकता तपासावेत. पहिला पाण्याचा: प्रत्येक सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थेला दरवर्षी १ जुलैपर्यंत पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल ग्राहकांना द्यावा लागतो, तो मागून घ्यावा आणि रस्त्यापासून घरापर्यंतचा नळ शिशाचा आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावे. शिशाच्या नळांवर १९८६ साली बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या घरांबाबत ही शंका घ्यावीच. दुसरा रंगाचा: घरातल्या शिसेयुक्त रंगावर १९७८ साली बंदी आली, आणि त्याआधीचे घर विकताना किंवा भाड्याने देताना अशा रंगाविषयी असलेली माहिती लेखी देणे मालकावर बंधनकारक आहे. रांगते मूल असलेल्या घरात खिडकीच्या चौकटीवरचे उडालेले पोपडे आधी पाहावेत. तिसरा रेडॉनचा: जमिनीतून तळघरात शिरणारा हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे धूम्रपानानंतरचे ते दुसरे मोठे कारण आहे. हवेच्या दर लिटरला ४ पिकोक्युरी (किरणोत्साराचे माप) किंवा त्याहून जास्त आढळल्यास उपाय करावा, असे पर्यावरण संरक्षण खाते सांगते. शेजाऱ्याच्या घरात नाही म्हणून आपल्याही घरात नसेल, असे यात होत नाही. आपले घर आपणच तपासून घ्यावे.

चौथा बोजा पुराचा, आणि त्याच्याविषयीचा गैरसमज फार खोल आहे. फेमा या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या नकाशावर ज्याला शंभर वर्षांचा पूर म्हणतात तो शंभर वर्षांतून एकदाच येतो असे मुळीच नाही. त्याची शक्यता दरवर्षी १ टक्का असते, म्हणजे तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती सुमारे २६ टक्के होते. नेहमीच्या गृहविम्यात पुराची भरपाई नसते. वेगळा पूरविमा घ्यावा लागतो आणि सरकारी योजनेत तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे वादळाची बातमी आल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही. २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टन परिसरात पाणी शिरलेल्या घरांपैकी निम्म्याहून अधिक घरे नकाशावरच्या पूररेषेबाहेर होती, हेही विसरू नये.

पीक कोणते येते

वस्तीचे अर्थकारण वाचताना लोक घराची किंमत आणि शाळेचे गुण पाहून थांबतात. या दोन्ही आकड्यांत मुख्यतः पालकांचे उत्पन्न दिसते. शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो, त्यामुळे महागडी घरे, भरपूर कर आणि चांगली शाळा यांचे एक चक्र तयार होते आणि बाहेरच्याला त्यात शिरणे कठीण जाते. शाळा जोखायची असेल तर मुलांना किती गुण मिळतात याबरोबर ती दरवर्षी किती पुढे जातात, हे पाहावे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा शैक्षणिक संधींचा प्रकल्प तिसरी ते आठवीपर्यंतची ही वाढ दाखवतो. शिकागोच्या सरकारी शाळांची ख्याती फारशी चांगली नाही, पण २००९ ते २०१४ या काळात तिथल्या मुलांनी पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतकी प्रगती केल्याचे याच आकडेवारीत दिसले.

त्याहूनही बोलका आहे तो ऑपॉर्च्युनिटी ॲटलास, जो दिल्लीत जन्मलेले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनगणना खात्याबरोबर २०१८ साली खुला केला. १९७८ ते १९८३ दरम्यान जन्मलेली सुमारे दोन कोटी मुले कोणत्या ट्रॅक्टमध्ये वाढली आणि पस्तिशीच्या सुमारास त्यांचे काय झाले, हे त्यात पाहता येते. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात अत्यंत गरीब घरांत वाढलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी ४४ टक्के १ एप्रिल २०१० या एका दिवशी तुरुंगात होते, तिथून २.३ मैलांवरच्या मध्य कॉम्प्टनमध्ये तेवढ्याच गरिबीत वाढलेल्यांपैकी ६.२ टक्के. गरिबी सारखी, वंश तोच, शहरही जवळजवळ तेच. म्हणून केवळ उत्पन्नाचा रकाना पाहून वस्तीला नावे ठेवू नयेत.

वस्ती बदलल्याने आयुष्य बदलते का, याची चाचणीही झाली आहे. १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क इथल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली गेली आणि काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर घेण्यासाठी भाड्याची मदत मिळाली. प्रौढांची कमाई वाढली नाही, पण त्यांचे मनःस्वास्थ्य सुधारले आणि मधुमेह व तीव्र लठ्ठपणा कमी झाला. वयाची तेरा वर्षे पूर्ण होण्याआधी नव्या वस्तीत गेलेली मुले विशीच्या मध्यात इतरांपेक्षा सुमारे ३१ टक्के जास्त कमावू लागली, हे २०१५ साली पुढे आले. त्यानंतर गेलेल्या मुलांना मात्र फायदा दिसला नाही, कारण त्या वयात शाळा आणि सोबती तुटण्याची झळ जास्त बसते. ज्यांची मुले लहान आहेत त्यांनी हा निर्णय पुढे ढकलू नये, आणि ज्यांची मुले दहावीत आहेत त्यांनी घाई करू नये.

खर्चाचा हिशेब करताना घरभाडे एकटे धरू नये. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजीने तयार केलेला निर्देशांक घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजतो आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावेत असे मानतो. लांबच्या उपनगरातले स्वस्त घर दोन गाड्यांच्या हप्त्यांमुळे महाग पडल्याची उदाहरणे घरोघर सापडतील. राज्याचा कायदाही पाहावा: गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेचा विस्तार ४० राज्यांनी केला आहे, टेक्सस, फ्लोरिडा आणि जॉर्जिया यांनी नाही, आणि ग्रामीण भागात २०१० पासून शंभराहून अधिक रुग्णालये बंद पडली आहेत किंवा त्यांनी रुग्ण दाखल करणे थांबवले आहे, त्यामुळे जवळचे प्रसूतिगृह किती मैलांवर आहे हे आधीच विचारावे.

प्रत्यक्ष पाहणी

इतके झाल्यावर वस्तीत जावे, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. घरांचा दलाल वस्तीत कोणत्या लोकांचा भरणा आहे हे सांगणार नाही, कारण वंश, धर्म किंवा मूळ देशावरून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणे फेअर हाउसिंग कायद्याने निषिद्ध आहे. त्याच्याकडून ती अपेक्षा करू नये आणि आपणही त्या निकषाने निवडू नये. पाहायचे ते वेगळे असते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसे दगावली. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या शेजारच्या वस्त्या, दोन्ही गरीब, दोन्हींत एकटे राहणारे वृद्ध बरेच. तरीही नॉर्थ लॉनडेलमधला मृत्युदर सुमारे दहापट होता. साउथ लॉनडेलमध्ये दुकाने उघडी असत, फुटपाथवर वर्दळ असे, म्हातारी माणसे गारव्यासाठी खाली उतरत आणि कोणी दोन दिवस दिसले नाही तर चौकशी होई. नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने गेले होते, दुकाने गेली होती, रस्ते ओस पडले होते, आणि वृद्धांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या.

हे ज्या मराठी घरांना सर्वात जवळून लागू पडते, ती आहेत आईवडिलांना सहा महिन्यांसाठी बोलावणारी घरे. माझी आई अमेरिकेत आमच्याकडे आली तेव्हा तिथल्या आमच्या घरापासून किराणा दुकान पाऊण मैलावर होते, पण मधल्या सहापदरी रस्त्याला ना फुटपाथ होता ना ओलांडायची पट्टी. आयुष्यभर रोज मंडईत जाणारी बाई खिडकीतून त्या दुकानाची पाटी पाहत बसायची, आणि तिसऱ्या आठवड्यात तिचे गुडघे जिना चढताना दुखू लागले. तेव्हापासून मी कोणाचेही नवे घर पाहायला गेलो की दुपारी चार वाजता गाडी न घेता तिथून निघतो, सर्वात जवळचे दूध मिळण्याचे ठिकाण गाठतो आणि परत येतो. वाटेत बसायला बाक किती, सावली कुठे, रस्ता ओलांडायला सिग्नल किती सेकंदांचा आणि हाक मारता येईल अशी माणसे किती भेटली, हे वहीत त्या अकरा आकडी क्रमांकाखाली लिहितो.